एकतीस अर्जांचा हिवाळा

यंदाही दिवाळीची सुट्टी संपायच्या आत इंदापूरहून फोन आला. "मॅडम, याद्या आल्यात. सोमवारी घेऊन जा." एवढंच. मी फराळाचे रिकामे डबे धुऊन उपडे घालत होते. फोन ठेवला, हात पुसले, तरी तळवे ओलेच. पुन्हा पुसले. तेव्हा लक्षात आलं, हे पाणी डब्यांचं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहते भिगवणला, शाळा आत, पाण्याच्या बाजूच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. शिकवण्याखेरीज गेली काही वर्षं माझ्याकडे गावाच्या मतदार यादीचं काम आहे. सरकारी कागदात त्याला केंद्रस्तरीय अधिकारी म्हणतात, बोलताना सगळे बीएलओ म्हणतात आणि गावात म्हणतात 'यादीवाली बाई'. दरवर्षी या दिवसांत यादी नव्यानं तपासायची असते. कोण अठरा पूर्ण झालं, कोण लग्न होऊन आलं, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं. दारोदार जायचं, विचारायचं, लिहायचं.

हे दिवस आमच्याकडे फार सुंदर असतात, हे मला मान्य आहे. पाऊस मागे सरलेला असतो आणि उजनीचं पाणी वेड्या बाभळींच्या कमरेपर्यंत चढून थांबलेलं असतं. सकाळी त्या पाण्यावर धुकं असतं आणि धुक्यातून होडीचा आवाज आधी येतो, होडी मागून दिसते. ऊसतोड सुरू झालेली असते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून हायवेकडे जातात आणि त्यांच्या मागे रस्ताभर पाचट उडत राहतं. वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास येतो. रविवारी पुण्याहून लोक पक्षी बघायला येतात, गळ्यात कॅमेरे, डोक्याला टोप्या. मला म्हणतात, "किती नशीबवान आहात, रोज हे बघता." मी हसते. त्यांना काय सांगणार? या थंडीची चाहूल लागली की मी होळीपर्यंतचे दिवस मोजायला लागते.

सुरुवातीला असं नव्हतं. पहिल्या वर्षी मला हे काम आवडलं होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत यादी, आणि कुठल्याही घराच्या उंबऱ्याशी जायची मुभा. शिकवताना मुलं कळतात, या कामात घरं कळली. कागद घेऊन दारात आलेल्या बाईला लोक पाणी आधी देतात आणि खरं उशिरा सांगतात, हेही कळलं. एका घरात नव्या सुनेचं नाव घालायचं होतं तर सासू म्हणाली, "घाई काय हाय? वरीसभर नांदू तर दे." सून दाराआड उभी होती. मी निघाले तशी ती गोठ्याच्या बाजूनं आली आणि काहीतरी चोरून देत असल्यासारखी, श्वासात, तिनं तिची जन्मतारीख मला सांगितली. माहेरच्या यादीतून नाव काढलं गेलं होतं, सासरच्या यादीत आलं नव्हतं. दोन गावांच्या मध्ये ती कुठंच नव्हती. मी नमुना सहा काढला. नवीन नाव घालायचा अर्ज तो. तिनं सही केली तेव्हा तिची बोटं थरथरत होती आणि मला त्याचं थोडं हसू आलं होतं. एवढ्याशा कागदाला काय भ्यायचं, असं मनात आलं होतं.

ते हसू मला पुढं महागात पडलं.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात गावात ग्रामपंचायतीची निवडणूक येऊ घातली होती. पाण्याकडच्या वस्तीचा एक प्रभाग आहे. जुनी मासेमारी करणारी घरं, त्यांच्यातच काही लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला जाणारी. मागच्या खेपेला तिथं थोडक्या मतांनी निकाल फिरला होता आणि वस्ती बापूरावांच्या बाजूची नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बापूराव म्हणजे गावातल्या एका गटाचे पुढारी. पांढरे कपडे, हळू आवाज. त्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नाही.

दुपारच्या सुट्टीत ते शाळेत आले. मुलं व्हरांड्यात खिचडी खात होती. बापूरावांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, भिंतीवरचे तक्ते बघितले.

"बाई, जेवलात का?"

"जेवते आता. बसा ना."

ते बसले आणि टेबलावर कागदांचा एक गठ्ठा ठेवला. वरच्या कोपऱ्यात सुतळी ओवलेली. "एवढं आपलं एक काम हुतं. पाण्याकडच्या वस्तीतली नावं हायेत. कुणी मेलं, कुणी गाव सोडलं. यादी चोख पाहिजे का न्हाय? तुमीच सांगता की ग्रामसभेत."

तो नमुना सातचा गठ्ठा होता. नाव वगळण्यासाठीचा अर्ज. मी मोजले. एकतीस.

"बापूराव, एका माणसाकडून एवढे अर्ज घेता येत नाहीत."

"एका माणसाचे न्हाईतच. बगा की. एकतीस अर्ज, एकतीस जणांच्या सह्या. मी आपला आणून देणारा."

मी शिक्षिका आहे. चाळीस वह्या नावं झाकून समोर टाका, कुणाची कोणती ते सांगते. त्या एकतीस अर्जांवरचा 'र' एकाच हातानं काढलेला होता. मान मोडलेला, शेपटी लांब. मी तो 'र' बघत राहिले आणि बापूराव मला बघत राहिले. बोलायला हवं होतं ते तेव्हाच. मी म्हणाले, "बघते."

"बगाच," ते म्हणाले. "वस्तीवर गेलात की कुणी भेटत न्हाय. समदी कामाला. घर बंद लिवलं की तुमचं काम झालं." आणि जाताना व्हरांड्यातल्या एका मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगलं शिकीवता बाई तुमी."

असा अर्ज आला की बीएलओनं त्या घरी जाऊन खात्री करायची असते. माझ्या अहवालावर पुढची नोटीस निघते, सुनावणी होते, मग नाव राहतं किंवा जातं. म्हणजे एकतीस माणसं आधी माझ्या पेनातून जाणार होती. मी रोज शाळा सुटल्यावर चार-पाच घरं करायचं ठरवलं.

पहिलाच अर्ज हिराबाईंचा. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, मयत.

दार हिराबाईंनीच उघडलं. साठीच्या पुढच्या, भिगवणच्या बाजारात मासे विकायला बसणाऱ्या. चिलापी साफ करत होत्या, मनगटापर्यंत खवलं चिकटलेली. "ये की बाई आत. दारात का हुबी?"

मी आत गेले. कसं सांगावं ते सुचेना. शेवटी अर्जच पुढं केला आणि वाचून दाखवला. त्या आधी हसल्या. मोठ्यानं हसल्या. मग हसणं मध्येच थांबलं.

"म्हंजी माझं रेशन बी बंद व्हनार का?"

"रेशनचा याच्याशी काही संबंध नाही, हिराबाई."

"असं तुमी म्हणता." त्या खाली बसल्या. "आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं तवा बी एक जण असाच पिशवी घिऊन आलता. मी नवी नवरी हुते. समद्यांची नावं लिवली, माझ्या सासऱ्याचं तेवढं लिवायचं ऱ्हायलं. मुद्दाम न्हाय, चुकून. पर ऱ्हायलं ते ऱ्हायलं. म्हातारा मरंस्तवर सांगत हिंडला, मी हाय, मी हितलाच हाय. कुणी ऐकलं न्हाय."

त्यांनी ओल्या हातानं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती आणि हात थंड. "माझ्यादेखत लिवा. आन् लिवलेलं मोठ्यानं वाचा."

मी लिहिलं, 'समक्ष भेटले. हयात आहेत. याच पत्त्यावर राहतात.' वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, पण त्या मला सोडायला वस्तीच्या टोकापर्यंत आल्या आणि मी स्कूटी चालू करेपर्यंत हलल्या नाहीत. जणू मी वाटेत ते खोडीन.

त्या अर्जावर अर्जदार म्हणून ज्यांची सही होती, त्या तात्यांकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. तात्या जुने बागायतदार, गावात मान असलेले. उसाच्या बांधावर बसून तोडकऱ्यांकडे लक्ष देत होते.

"तात्या, हिराबाई वारल्या म्हणून तुम्ही अर्ज दिलाय?"

"हिरा वारली?" ते दचकून उठले. "कवा?"

"वारल्या नाहीत. कालच भेटले. पण अर्जावर तुमची सही आहे."

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. "माझी सही? बाई, मी अंगठा लावणारा माणूस. बँकेत बी अंगठाच लावतो. ही कुनी केली?"

मला एकदम हलकं वाटलं. सुटले, असं वाटलं. "तात्या, हेच मला लिहून द्या. मी लिहिते, तुम्ही अंगठा द्या. म्हणजे सगळाच गठ्ठा खोटा ठरेल."

तात्यांनी कागद परत दिला. इकडं-तिकडं बघितलं. तोडकरी लांब होते. तरी त्यांनी आवाज खाली आणला. "माझा ऊस अजून उभा हाय, बाई. तोडीची टोळी कुनाच्या शब्दावर येती तुला म्हाईत न्हाय का? माझं नाव कुठं घिऊ नको. तू इचारलंस, मी सांगितलं, झालं." आणि त्या मानी म्हाताऱ्यानं माझ्यापुढं हात जोडले. मला ते बघवलं नाही. मी स्कूटीकडे गेले तर किल्ली लागेना.

भीती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, हे मी तिथं पाहिलं. हिराबाईंची मी घेऊन आले होते, आता तात्यांची घेतली. घरी गेले तर ती माझ्याबरोबर आत आली. जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बारामतीला एका कंपनीत हिशेब बघतो, साधा, सरळ माणूस. तो म्हणाला, "लिहून टाक ना बंद घर. कोण तपासायला येणार आहे? आपण का मध्ये पडायचं?" त्याचा मला राग आला नाही. मी हेच ऐकायला बसले होते.

तरीही मी जात राहिले. हे सांगताना मला थोडं बरं वाटतं म्हणून सांगते. अठ्ठावीस जणांच्या नोंदी मी खऱ्या केल्या. जे होते त्यांना होते लिहिलं. राहिले तिघं. सुनीता, तिचा नवरा आणि दीर. एकाच घरातली तीन नावं, वस्तीच्या पार कडेला. तिघंही लोणी देवकरला कामाला, सासू दिवसभर मजुरीला, त्यामुळे दोनदा गेले तेव्हा घराला कुलूप. तिसऱ्या खेपेला रविवारी जायचं ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी हायवेच्या वळणावर बापूराव भेटले. भेटले म्हणजे थांबले होते. पांढरी जीप बाजूला लावलेली. मी स्कूटी थांबवली.

"अठ्ठावीस झाली म्हणं."

"हो."

"समदी जित्ती?"

ते हसले. "चांगलं हाय की. माणसं जित्ती असलेली चांगली." मग जरा थांबून, अगदी आपुलकीनं, "पोरगी चौथीला ना तुमची? पांढऱ्या व्हॅननं जाती. डायवर आमच्या वळखीचा हाय. काय काळजी करू नका तुमी."

एवढंच बोलून ते जीपमध्ये बसले.

या वाक्याचा मी किती वेळा विचार केला असेल. त्यात धमकी कुठंच नाही. कुणाला सांगायला गेले तर तो म्हणेल, काळजी करू नका म्हणाले, चांगलंच आहे की. पण मी तिथंच रस्त्याच्या कडेला स्कूटीला टेकून उभी राहिले. उसाचा ट्रॅक्टर गेला, दुसरा गेला. त्या दिवशी मी शाळेतून तीन वेळा मुलीच्या शाळेत फोन केला. तिसऱ्यांदा तिकडच्या बाई म्हणाल्या, "अहो, वर्गातच आहे ती. काय झालंय?" मी म्हणाले, काही नाही.

रविवारी मी वस्तीवर गेले. खरंच गेले. वेड्या बाभळींतून वाट वळते तिथून सुनीताचं घर दिसतं. पत्र्याचं छप्पर, बाहेर दोरीवर कपडे वाळत घातलेले. दार उघडं होतं. मला ते दिसलं. आणि वाटेच्या तोंडाशी एक पांढरी जीप उभी होती. ती बापूरावांचीच होती का, मला आजही माहीत नाही. आत कोण बसलं होतं ते दिसलं नाही. कदाचित कुणीच नसेल. कुणी पक्षी बघायला आलेलं असेल. मी स्कूटी वळवली.

घरी येऊन तीन अहवाल लिहिले. 'तीन वेळा भेट दिली. घर बंद. सदर व्यक्ती स्थलांतरित झाल्याचे शेजाऱ्यांकडून समजले.' माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं. एक वेलांटी इकडची तिकडं झाली नाही.

पुढं सगळं नियमानं झालं. नोटिसा टपालानं गेल्या, पोस्टमन आला तेव्हा तिघं कामावर होती, नोटिसा परत आल्या. सुनावणीला कुणी हजर नव्हतं. तीन नावं वगळली गेली. इंदापूरच्या साहेबांनी कौतुक केलं, काम वेळेत दिलं म्हणून. यादी प्रसिद्ध झाली, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. मी ती फळ्याजवळून जाताना बघत नसे.

त्या दोन महिन्यांत मला कळलं की भीतीपायी एखादी गोष्ट केली तर भीती जात नाही. तिचं तोंड फक्त दुसरीकडे फिरतं. आधी मी बापूरावांना भीत होते, आता सुनीताला भिऊ लागले. तिला मी ओळखतही नव्हते. यादीत फोटो होता, टपालाच्या तिकिटाएवढा. बाजारात, बसथांब्यावर, एमआयडीसीची बस सुटते त्या चौकात, मी तसा चेहरा दिसतो का बघत असे आणि दिसला तर नजर चुकवत असे. थंडी कडाक्याची पडली होती. मुलं उन्हात बसून पाढे म्हणत. मी मध्येच पाढा चुकायचे.

मतदानाच्या दिवशी केंद्र आमच्याच शाळेत होतं. माझाच वर्ग. मुलांनी काढलेली चित्रं उतरवून ठेवली होती आणि जिथं पहिलीची पोरं बसतात तिथं पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र. आवाराच्या बाहेर फक्कीची पांढरी रेघ मारलेली, तिच्यापलीकडे दोन्ही गटांची टेबलं. मला दारापाशी बसवलं होतं, नावं शोधून अनुक्रमांक सांगायला. हिराबाई सकाळी सकाळीच आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. बोटावरची शाई वाळेपर्यंत हात हवेत धरून उभ्या राहिल्या. मला बरं वाटलं. वाटलं, दिवस असाच निघून जाईल. ती येणारच नाही. कामावर जाईल.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती आली. निळा कामाचा शर्ट साडीवर घातलेला. कारखान्यानं मतदानासाठी दोन तास सोडलं होतं. तिनं कार्ड माझ्यापुढं धरलं.

मी यादी उघडली. बोट फिरवलं. मला माहीत असूनही फिरवलं, एकदा, दोनदा.

"नाव नाही तुमचं."

"असं कसं? कार्ड हाय की माझ्याकडं."

"कार्ड असून चालत नाही. यादीत नाव लागतं. वगळलं गेलंय. तिघांचंही."

"का?"

"स्थलांतरित म्हणून."

तिला शब्द कळला नाही. मी म्हणाले, "गाव सोडून गेलात म्हणून."

"आमी?" ती गोंधळली होती, चिडली नव्हती. "आमी कुठं जातोय? आमचं घर हितंच हाय. कुनी सांगितलं?"

मागे रांग होती. तात्या रांगेत होते, काठी टेकून. पोलीस दारात होता. मी म्हणू शकले असते, वरून झालं. सगळे तेच म्हणतात आणि सगळ्यांना ते पटतं. ती निघून गेली असती.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

"तुमी आलता आमच्याकडं?"

"नाही."

"न येता लिवलं?"

"हो."

"का पर?"

"भ्याले मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रांगेतली कुजबूज थांबली होती. "कुनाला?"

डोळ्यासमोर पांढरी व्हॅन आली. मी नाव घेतलं. मोठ्यानं नाही, पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. तात्यांकडे बघितलं. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते आणि शेवटपर्यंत तिकडंच बघत राहिले.

दहा मिनिटांत बापूराव फक्कीच्या रेघेपाशी येऊन उभे राहिले. रेघ त्यांनी ओलांडली नाही. तिथूनच माझ्याकडे बघून हात जोडले आणि हसले. मी रांगेतल्या पुढच्या माणसाचं नाव शोधायला घेतलं.

आता काय झालं ते सांगते, कारण लोक विचारतात. काही झालं नाही. मुलगी त्या दिवशी घरी आली, दुसऱ्या दिवशी आली, रोज आली. व्हॅनचा ड्रायव्हर खरंच बापूरावांच्या ओळखीचा होता आणि फार भला माणूस निघाला. मी स्वतःहून इंदापूरला लेखी कळवलं की तीन अहवाल मी न जाता लिहिले आणि बाकीच्या अर्जांवरच्या सह्यांची चौकशी व्हावी. मला कारणे दाखवा नोटीस आली, ताकीद मिळाली, ती सेवापुस्तकात आहे. सह्यांची चौकशी अजून चालू आहे असं सांगतात. निवडणूक बापूरावांचा गट जिंकला. बऱ्याच फरकानं. "त्या तीन मतांनी काही फिरलं नसतं, बाई," असं मला किती जणांनी सांगितलं. मला दिलासा द्यायला सांगतात. मला तर त्यानं अधिकच धसका बसतो. काहीच फिरणार नव्हतं, तरी आम्ही सगळे एवढे भ्यालो.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं आहे.

सुनीता गेली नाही. तिनं नवऱ्याला फोन केला, "येऊ नगा, नावं न्हाईत," एवढंच सांगितलं आणि शाळेच्या पायरीवर बसली. दोन तास झाले, कामाची वेळ झाली, ती उठली नाही. मत द्यायला येणारा प्रत्येक जण तिच्या बाजूनं आत जात होता. कुणी विचारलं, का गं बसलीस, तर म्हणायची, "माझं नाव न्हाय." ना रडणं, ना ओरडणं. पोलिसानं एकदा हटकलं. ती सरकून बसली. माझ्यापासून दहा पावलांवर ती दुपारभर बसली होती आणि मी नावं शोधत होते. तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

वेळ संपत आली तशी ती उठली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. वेळ संपल्यावर जे रांगेत असतात त्यांना चिठ्ठ्या देतात, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढं देत येतात, म्हणजे नंतर कुणाला मागून घुसता येऊ नये. त्यामुळे एक नंबरची चिठ्ठी तिला मिळाली. फाटक बंद झालं. रांग संपत संपत तिच्यापर्यंत आली. ती आत गेली आणि थोड्या वेळानं बाहेर आली.

मी उठून तिच्याजवळ गेले. "काय म्हणाले?"

"न्हाय म्हणाले. चौघांनी यादी बगितली. चौघं बी न्हाय म्हणाले."

"तुला माहीत होतं ना?"

"म्हाईत हुतं. पर घरी सासूला काय सांगू? दारातनंच माघारी फिरले म्हणून? आत जाऊन आले म्हणून सांगंन." तिनं चिठ्ठी घडी करून पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "नाव परत घालायला काय लागतं?"

पिशवीत नमुना सहा होते. आम्ही दोघी पायरीवर बसलो. आत यंत्रांना लाखेची मोहर लावत होते, जळक्या लाखेचा वास बाहेर येत होता. ऊन कलून पाण्याच्या बाजूला गेलं होतं. मी एकेक रकाना वाचला, तिनं सांगितलं, मी लिहिलं. तिघांचे तीन अर्ज. पुरुषांच्या सह्या घरी येऊन घ्याव्या लागतील, मी म्हणाले. तिनं स्वतःची सही केली. सावकाश, पूर्ण नाव, शाळेत शिकवतात तसं शेवटी रेघ ओढून. पेन परत देताना तिनं ते लगेच सोडलं नाही.

"परत भिणार न्हाय ना तुमी?"

खोटं बोलणं सोपं होतं. तीन खोटी वाक्यं मी याच हातानं लिहिली होती.

"भिईन," मी म्हणाले. "पण येईन."

तिनं जरा विचार केला. मग पेन सोडलं.

"मग लांबनंच हाक मारा," ती म्हणाली. "आमचं कुत्रं अंगावर येतं."